बोर्ड आउट झालो नाही, तरी वॉर इंज्युरी पेन्शन मिळते का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ पायदळाच्या पलटणीत २४ वर्षे नोकरी करून ३१ जुलै २०२१ रोजी हवालदार म्हणून निवृत्त झाले. २००९ मध्ये काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ रात्रीच्या गस्तीवर असताना सुरुंगाचा स्फोट झाला, त्यात त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटे गेली आणि घोटा कायमचा आखडला. उपचारानंतर त्यांना घरी पाठवले नाही. लो मेडिकल कॅटेगरीत ठेवून पुढची १२ वर्षे नोकरी करू दिली. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने पायाचे अपंगत्व ३० टक्के आणि लष्करी सेवेमुळे झालेले असे धरले. २०१७ मध्ये पुण्यात असताना सुरू झालेल्या रक्तदाबालाही ३० टक्के दिले, पण त्याचा सेवेशी संबंध नाही असे लिहिले. आज त्यांना सर्व्हिस पेन्शन आणि डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, मिळतो. त्यांचा प्रश्न असा की, ही इजा युद्धजन्य धरून वॉर इंज्युरी पेन्शन मिळू शकते का. कारण गावातल्या एका माजी सैनिकाने त्यांना सांगितले आहे की ती फक्त बोर्ड आउट झालेल्यांनाच, म्हणजे वैद्यकीय कारणावरून मुदतीआधी सेवेतून काढलेल्यांनाच मिळते.

आधी थेट उत्तर देतो. आपल्याला मिळालेला सल्ला चुकीचा आहे. युद्धजन्य इजेनंतर नोकरीत ठेवलेला आणि नंतर आपली मुदत पूर्ण करून निवृत्त झालेला सैनिकही वॉर इंज्युरी एलिमेंटला पात्र असतो. फक्त त्याचा दर बोर्ड आउट झालेल्यापेक्षा कमी असतो. आपण जे वर्णन केले आहे ते कागदोपत्री तसेच असेल, तर आपला दावा बळकट आहे. पण ‘कागदोपत्री तसेच असेल तर’ या शब्दांवरच सगळे प्रकरण उभे राहते किंवा पडते, म्हणून पुढचे जरा सविस्तर लिहितो. मी लष्करात लिपिक संवर्गात होतो, त्यातली काही वर्षे पेन्शनचे दावे तयार करण्यात गेली आणि निवृत्तीनंतरही सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या माजी सैनिकांची हीच कामे करतो आहे. या सगळ्या काळात मी पाहिले आहे ते असे की, वॉर इंज्युरीचे दावे नाकारले जातात ते बहुधा इजा खोटी म्हणून नव्हे, तर इजेच्या दिवशी कोणी काय लिहिले यावरून.

पात्रतेचा मूळ आधार म्हणजे संरक्षण मंत्रालयाचे ३१ जानेवारी २००१ चे पत्र. पाचव्या वेतन आयोगानंतर निघालेले हे पत्र १ जानेवारी १९९६ पासून लागू झाले, आणि त्यात मृत्यू किंवा अपंगत्व कोणत्या परिस्थितीत आले यावरून ए ते ई असे पाच वर्ग पाडले आहेत. ए वर्गात सेवेशी संबंध नसलेली नैसर्गिक कारणे येतात; त्याला अपंगत्वाची पेन्शन नाही. बी वर्गात प्रतिकूल हवामान किंवा कामाचे स्वरूप यांमुळे जडलेले किंवा बळावलेले आजार येतात. सी वर्ग कर्तव्यावरच्या अपघातांचा : सरकारी गाडी उलटली, विजेचा धक्का बसला, संघटित खेळात किंवा प्रशिक्षणात हाड मोडले. डी वर्गात ऑपरेशनल ड्युटी नसताना, अगदी रजेवर असतानाही, दहशतवाद्यांच्या किंवा समाजकंटकांच्या हल्ल्यात सापडणे, तसेच नैसर्गिक आपत्तीत नागरी प्रशासनाला मदत करताना झालेली हानी येते. बी, सी आणि डी या तिन्ही वर्गांना डिसॅबिलिटी पेन्शन मिळते. वॉर इंज्युरी पेन्शन मात्र केवळ ई वर्गाला आहे.

आता हा ई वर्ग नीट वाचला पाहिजे, कारण बहुतेक जण त्याचे नाव ऐकून १९७१ किंवा कारगिल एवढेच समजतात. परकीय शत्रूशी झालेले युद्ध त्यात आहेच. त्याशिवाय परदेशातील शांतिसेनेत तैनात असताना झालेली कारवाई, सीमेवरच्या चकमकी, सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेली इजा, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, ऑपरेशनल ड्युटीवर असताना अतिरेक्यांनी केलेला हल्ला किंवा अपहरण, ऑपरेशनल क्षेत्राकडे जाताना वाटेत झालेला स्फोट, दंगल शमवण्यासाठी नागरी प्रशासनाच्या मदतीला गेलेले असताना आलेले अपंगत्व आणि सरकारने वेळोवेळी खास अधिसूचित केलेल्या मोहिमा, हे सर्व त्याच वर्गात आहे. जिवंत दारूगोळा वापरून घेतलेला बॅटल इनॉक्युलेशनचा सराव किंवा प्रात्यक्षिकही त्यात आहे. म्हणजे अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजवर अशा प्रात्यक्षिकात तोफगोळ्याची किरच लागलेला जवान, सीमा शेकडो कोस दूर असली तरी, ई वर्गात बसू शकतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशी प्रकरणे ‘प्रशिक्षणातला अपघात’ म्हणून सरसकट सी वर्गात ढकलली जातात आणि जवानाला ते कधी कळतही नाही.

आपल्या बाबतीत लागू पडणारे कलम सुरुंगाचे आहे. आंतरराष्ट्रीय सीमेजवळ किंवा नियंत्रण रेषेजवळ ऑपरेशनल क्षेत्रात, शत्रूने किंवा आपल्याच सैन्याने पेरलेले सुरुंगक्षेत्र पार करताना अपघाताने झालेला स्फोट ई वर्गात स्पष्ट शब्दांत घातलेला आहे. ‘आपल्याच सैन्याने’ हे शब्द आपण लक्षात ठेवावेत. त्या भागात पावसाने आणि बर्फाने सुरुंग मूळ जागेवरून घसरतात, हे तिथे नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नकाशावर सुरक्षित म्हणून दाखवलेल्या पायवाटेवर आपलाच सुरुंग पायाखाली येतो. अशा वेळी शत्रूचा हात नव्हता, म्हणून ही युद्धजन्य इजा नाही, असे उत्तर जवानाला तोंडी दिले गेल्याचे मी ऐकले आहे. पत्रातले शब्द पाहिले तर ते उत्तर टिकत नाही.

मग आपल्याला डिसॅबिलिटी एलिमेंट मिळाले आणि वॉर इंज्युरी एलिमेंट मिळाले नाही, असे का झाले असावे? माझा अंदाज असा की आपल्या इंज्युरी रिपोर्टमध्ये इजा ‘ऑन ड्युटी’ अशी लिहिली आहे आणि पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीसाठी युनिट काढते तो अधिकृत आदेश) बॅटल कॅज्युअल्टीची, म्हणजे युद्धजन्य हानीची, न निघता फिजिकल कॅज्युअल्टीची, म्हणजे इतर हानीची, निघाली आहे, किंवा बॅटल कॅज्युअल्टीची निघूनही ती पेन्शनच्या दाव्याला जोडली गेली नाही. या दोन शक्यतांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या शक्यतेत केवळ एक कागद शोधून जोडायचा असतो. पहिलीत इतक्या वर्षांपूर्वीचा शिक्का बदलून घ्यायचा असतो.

इंज्युरी रिपोर्ट हा एका पानाचा छापील नमुना असतो. त्यात इजेचे स्वरूप डॉक्टर लिहितात आणि ती कोणत्या परिस्थितीत झाली, त्या वेळी जवान कर्तव्यावर होता की नाही, हे युनिटचा कमांडिंग ऑफिसर लिहितो. परिस्थितीच्या रकान्यात जागा दोन-तीन ओळींचीच असते. जवान स्ट्रेचरवरून हेलिकॉप्टरने बेस हॉस्पिटलला गेलेला असतो, कंपनी अजून पुढच्या चौकीवर असते आणि बटालियन मुख्यालयातला एखादा कारकून संदेशावरून त्या दोन ओळी भरतो. माझ्याकडे आलेल्या एका नाईकाच्या रिपोर्टमध्ये एवढेच लिहिले होते की, हा जवान कर्तव्यावर असताना नाल्यात पडून गुडघ्याला इजा झाली. प्रत्यक्षात समोरून गोळीबार सुरू झाल्यावर त्याची तुकडी आडोशाला धावली होती आणि तेव्हा तो नाल्यात कोसळला होता. लिहिणाऱ्याने खोटे काही लिहिले नव्हते. तो पडलाच होता आणि कर्तव्यावरही होता. पण ‘गोळीबार’ आणि मोहिमेचे नाव हे दोन शब्द राहिले, आणि त्या जवानाची पेन्शन ११ वर्षे सी वर्गाची राहिली. त्या तारखेचा युनिटचा संदेश, मोहिमेच्या नोंदी आणि त्याच तुकडीतल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे जोडल्यावर प्रकरण दुरुस्त झाले, आणि त्यालाही तीन वर्षे लागली. मला आजही वाटते की ते पान त्याने हॉस्पिटलमधून परत आल्यावर एकदा वाचले असते, तर हे सगळे टळले असते. आपल्यापैकी जे अजून नोकरीत आहेत त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, इजा झाल्यावर इंज्युरी रिपोर्टची प्रत मागून घ्या, ती वाचा आणि चूक असेल तर त्याच युनिटमध्ये, तेच अधिकारी असताना, दुरुस्त करून घ्या.

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण वकीलसुद्धा कधी कधी त्यात गल्लत करतात. बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी ही विभागणी सेनेच्या आदेशातली आहे. सध्या त्यासाठी २००३ चा सेना आदेश आधाराला घेतला जातो. ए ते ई ही विभागणी मंत्रालयाच्या पेन्शनविषयक पत्रातली आहे. दोन्ही कागद वेगळे आहेत, त्यांचे शब्द बरेचसे जुळतात पण तंतोतंत एक नाहीत. बॅटल कॅज्युअल्टी जाहीर झाली म्हणजे ई वर्ग मिळण्याचा रस्ता बहुतांशी मोकळा होतो, तरी पेन्शन मंजूर करणारे कार्यालय परिस्थिती पुन्हा तपासू शकते. उलट बाजूने, सेनेच्या नोंदीत फिजिकल कॅज्युअल्टी असली तरी मंत्रालयाच्या पत्रातील ई वर्गाची परिस्थिती पुराव्याने सिद्ध होत असेल, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने पेन्शन दिल्याची उदाहरणे आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२४ चा एक निकाल या दृष्टीने मोलाचा आहे. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेजवळ कडाक्याच्या थंडीत गस्त घालताना एका जवानाला श्वास घेता येईना आणि त्याचा मृत्यू झाला. आधी बॅटल कॅज्युअल्टी म्हणून झालेली नोंद पुढे फिजिकल कॅज्युअल्टी अशी बदलली गेली. न्यायाधिकरणाने त्याच्या पत्नीला लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे वाढीव दराची कुटुंब पेन्शन, दिली, आणि त्याविरुद्ध केंद्र सरकारने केलेले अपील फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने ५० हजार रुपयांचा खर्चही बसवला. ते प्रकरण कुटुंब पेन्शनचे होते, आपले नाही; पण वॉर इंज्युरी पेन्शन ज्या ई वर्गावर अवलंबून आहे, त्या वर्गातल्या मृत्यूला लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन मिळते, म्हणून त्यातला युक्तिवाद आपल्याला उपयोगी आहे.

डॉक्टरांच्या बोर्डाबद्दलही एक गैरसमज दूर करतो. आपण लिहिले आहे की बोर्डाने ‘युद्धजन्य’ असे म्हटले नाही. ते काम बोर्डाचे नव्हतेच. आजार सेवेमुळे झाला की नाही याविषयीचे मत वैद्यकीय अधिकारी देतात. इजा मात्र कोणत्या परिस्थितीत झाली हा प्रशासकीय निर्णय असतो. बोर्डाने आपल्यासाठी करायचे ते केले आहे : पायाचे अपंगत्व सेवेमुळे झाल्याचे मान्य केले आणि ते ३० टक्के ठरवले. निवृत्त होणाऱ्यासाठी लागणारी २० टक्क्यांची किमान मर्यादा आपण ओलांडली आहे. त्यामुळे पुन्हा मेडिकल बोर्ड मागण्याच्या फंदात पडू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. टक्केवारीचा आपला वाद नाही, आणि नसलेला वाद उकरून काढला की असलेला वाद लांबणीवर पडतो.

आता पैशांचा हिशेब. आपण कळवलेला शेवटचा मूळ पगार ३९,२०० रुपये आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० रुपये, असे मिळून ४४,४०० रुपये होतात. सर्व्हिस पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे २२,२०० रुपये. तिला या वादात कुठेही धक्का लागत नाही. डिसॅबिलिटी एलिमेंटचा दर १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आहे. आपले ३० टक्के अपंगत्व ब्रॉड बँडिंगने ५० टक्के धरले जाते, कारण ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्यावर असेल तर १०० धरावे, असा नियम आहे. तेव्हा ४४,४०० चे ३० टक्के म्हणजे १३,३२० आणि त्याचे निम्मे ६,६६० रुपये, जे आज आपल्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, दिसत असणार. नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्याला वॉर इंज्युरी एलिमेंटचा दर ६० टक्के आहे. म्हणजे ४४,४०० चे ६० टक्के २६,६४० आणि त्याचे निम्मे १३,३२० रुपये. दरमहा फरक ६,६६० रुपयांचा, आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा. याच इजेने आपल्याला बोर्ड आउट केले असते तर दर पूर्ण १०० टक्के, म्हणजे याच पगारावर २२,२०० रुपये झाला असता, आणि सर्व्हिस एलिमेंट (पेन्शनचा सेवेवर ठरणारा भाग) ठरवताना आपण त्या हुद्द्यावर पूर्ण मुदत नोकरी केली असे धरले गेले असते. आपल्या गावातल्या स्नेह्यांनी बहुधा हाच मोठा दर ऐकला असावा आणि त्यावरून बाकीच्यांना काहीच नाही असा समज करून घेतला असावा.

ब्रॉड बँडिंग हे सुरुवातीला बोर्ड आउट झालेल्यांपुरतेच असल्याचा सरकारचा आग्रह होता. १० डिसेंबर २०१४ रोजी रामअवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वयोमानाने किंवा मुदत संपून निवृत्त झालेल्यांनाही त्याचा लाभ दिला पाहिजे, असा निकाल दिला. आपण २०२१ मध्ये निवृत्त झाल्याने आपल्याला तो आपोआप मिळाला आहे. जुन्या निवृत्तांनी मात्र आपला पीपीओ काढून त्यावर मूळ टक्केवारी आहे की वाढवलेली, हे आजही तपासून पाहावे. असे न तपासलेले पीपीओ मला दर वर्षी सापडतात.

एक प्रश्न मला आपल्याला विचारायचा आहे आणि त्याचे खरे उत्तर आपणच देऊ शकता. २००९ च्या इजेनंतर नोकरीत ठेवले तेव्हा आपण एकरकमी भरपाई घेतली होती का? नोकरीत राहिलेल्या सैनिकाला दरमहाच्या एलिमेंटऐवजी एकरकमी रक्कम घेण्याचा पर्याय असतो, आणि ती घेतली की निवृत्तीनंतर त्याच इजेसाठी दरमहा रक्कम मिळत नाही. आज आपल्याला डिसॅबिलिटी एलिमेंट सुरू आहे, त्यावरून आपण ती घेतली नसावी असे दिसते. तरीही त्या काळी सही केलेला पर्यायाचा कागद कुठे असेल तर तो पाहून घ्या. काही जवानांनी हॉस्पिटलच्या खाटेवर, नीट न समजता, अशा कागदावर सह्या केल्या आहेत आणि ते त्यांना निवृत्तीच्या वेळी कळले.

रक्तदाबाचे प्रकरण पायापासून वेगळे ठेवा. वॉर इंज्युरीचा दर फक्त पायाच्या इजेला लागतो; रक्तदाबाची टक्केवारी त्यात मिळवता येणार नाही. पण बोर्डाने ‘सेवेशी संबंध नाही’ असे लिहिले म्हणून तो विषय संपला, असेही नाही. धर्मवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान त्या वेळी निरोगी होता असे गृहीत धरावे, सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर टाकू नये आणि बोर्डाने विरुद्ध मत दिले तर त्याची कारणे लिहावीत. रक्तदाब फील्ड, अतिउंच प्रदेश किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेच्या भागात असताना सुरू झाला, तर सेवेमुळे तो बळावला असे मानण्याकडे कल असतो; शांत छावणीत सुरू झाला तर ते कठीण जाते. आपला रक्तदाब पुण्यात सापडला, म्हणून मी त्यावर फार मोठी आशा दाखवणार नाही. पुण्याला येण्यापूर्वी लगेचच आपण फील्डमध्ये असाल आणि तिथल्या वैद्यकीय नोंदींत वाढलेला दाब दिसत असेल, तर स्वतंत्र अपील करता येईल. पायाच्या अर्जात त्याचा उल्लेखही करू नका.

याच संदर्भात वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. रजेवर असताना गावात मोटारसायकलचा अपघात झाला, शेतात विजेचा धक्का बसला, अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने सातत्याने हेच म्हटले आहे की इजा आणि लष्करी सेवा यांत कार्यकारणसंबंध लागतो. रजा ही ड्युटी धरली जाते एवढ्यावर दावा टिकत नाही. रजेवर जाताना किंवा परतताना ड्युटीच्या ठिकाणापर्यंतच्या प्रवासाची गोष्ट मात्र वेगळी आहे, तो प्रवास ड्युटीत मोडतो. दुसरे म्हणजे, २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले आहेत आणि त्या तारखेला किंवा नंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांना तेच नियम आहेत. त्यांत मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांसाठी डिसॅबिलिटी एलिमेंटच्या जागी इम्पेअरमेंट रिलीफ अशी संज्ञा आली आहे. त्यामुळे कोणाचाही पीपीओ पाहून आपला हिशेब मांडू नये. आधी निवृत्तीची तारीख पाहावी. आपले प्रकरण जुन्या नियमांचे आहे.

आता काय करावे ते सांगतो. पहिला अर्ज पेन्शन मागण्याचा करू नका. तो कागद मागण्याचा करा. माहितीच्या अधिकाराखाली आपल्या रेकॉर्ड ऑफिसच्या (पलटणीच्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) जनमाहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये शुल्कासह अर्ज करा आणि २००९ च्या इजेचा इंज्युरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असल्यास तिचे कामकाज आणि त्यावरचा अभिप्राय, कॅज्युअल्टीची पार्ट टू ऑर्डर, त्या वेळचा मूळ कॅज्युअल्टी संदेश आणि रिलीज मेडिकल बोर्डाचे संपूर्ण कामकाज यांच्या साक्षांकित प्रती मागा. आर्मी नंबर, हुद्दा, इजेची तारीख आणि त्या वेळचे युनिट लिहायला विसरू नका. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. ‘सर्व कागद द्यावेत’ असे मोघम लिहिलेले अर्ज अर्धवट उत्तराने परत येतात, म्हणून प्रत्येक कागदाचे नाव लिहा. शक्य असेल तर त्या रात्री गस्तीत सोबत असलेल्या दोघा-तिघांचा पत्ता आत्ताच काढून ठेवा. त्यांतले काही निवृत्त झाले असतील, काही दूरच्या राज्यांत गेले असतील. पण पलटणीच्या माणसांना एकमेकांचा ठावठिकाणा असतो. आपल्याजवळ कृत्रिम अवयव केंद्राची किंवा बेस हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप असेल तर ती फार जपून ठेवा, कारण त्यावर ‘सुरुंगाच्या स्फोटाने इजा’ असे निदान डॉक्टरांच्या हाताने, उपचारांच्या काळातच लिहिलेले असते. नंतरच्या कोणत्याही प्रतिज्ञापत्रापेक्षा त्या ओळीला वजन आहे.

कागद हाती आल्यावर पार्ट टू ऑर्डर बॅटल कॅज्युअल्टीची निघाली, तर काम सोपे आहे. तिची प्रत जोडून रेकॉर्ड ऑफिसकडे पीपीओ दुरुस्तीचा अर्ज करा आणि त्याची नोंद स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या संकेतस्थळावरही तक्रार म्हणून करा. स्पर्शवर आपला पीपीओ उघडून एलिमेंटच्या नावापुढे नेमके काय लिहिले आहे, याचे पान छापून अर्जाला लावा. ऑर्डर फिजिकल कॅज्युअल्टीची असेल, तर कॅज्युअल्टीचे स्वरूप बदलण्यासाठी रेकॉर्ड ऑफिसमार्फत सेना मुख्यालयाकडे निवेदन द्यावे लागेल. निवेदनात भावना नकोत, दुःखही नको. तारीख, वेळ, चौकी, मोहिमेचे नाव, नियंत्रण रेषेपासूनचे अंतर, सुरुंग कोणाचा होता, गस्तीचा आदेश कोणी दिला होता, हे एका पानात येऊ द्या आणि शेवटी एकच वाक्य लिहा की, ही परिस्थिती ३१ जानेवारी २००१ च्या पत्रातील ई वर्गाच्या सुरुंगविषयक उपकलमात येते, म्हणून निवृत्तीच्या तारखेपासून वॉर इंज्युरी एलिमेंट मंजूर करावे.

नकार आला तर प्रथम अपील आणि त्यानंतर दुसरे अपील, अशा दोन समित्या आहेत. त्यापुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या माजी सैनिकांसाठी त्याचे मुंबई खंडपीठ आहे, आणि निवृत्त सैनिकाला आपण राहतो त्या भागातल्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो. पलटणीचे केंद्र दुसऱ्या राज्यात आहे म्हणून तिकडे धाव घेण्याचे कारण नाही. निवेदनाला सहा महिने उत्तर आले नाही तरी न्यायाधिकरणाचे दार उघडते. अंतिम नकार मिळाल्यावर सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला म्हणून पेन्शनचा हक्क सहसा बुडत नाही, कारण दर महिन्याला कमी मिळणे ही चालू राहणारी चूक मानली जाते. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी सामान्यतः अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरती दिली जाते. आपण निवृत्त होऊन तेवढा काळ उलटला आहे. याचा अर्थ असा की यापुढचा प्रत्येक महिना आपल्या थकबाकीतून जातो आहे, तेव्हा माहितीच्या अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात टाका.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन या. पेन्शनचा निर्णय त्यांच्या हाती नाही, पण अर्जाला पाठवणीपत्र जोडणे, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करणे हे ते विनामूल्य करतात, आणि युद्धजन्य अपंगत्वासाठी राज्य शासनाची जी मदत असते तिचे अर्जही तिथूनच जातात. त्या मदतीलाही बॅटल कॅज्युअल्टीचा दाखला लागतो, म्हणजे आपण आत्ता जो कागद शोधणार आहात तोच. टक्केवारी ठरवून थकबाकीतला हिस्सा मागणारे मध्यस्थ आपल्यापर्यंत येतील; त्यांना मूळ डिस्चार्ज बुक किंवा मूळ पीपीओ कदापि देऊ नका. कागद मिळाल्यावर पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक, तारीख आणि तिच्यातला कॅज्युअल्टीचा शब्द जसाच्या तसा मला कळवा. निवेदन लिहायचे की थेट पीपीओ दुरुस्तीला जायचे, हे त्या एका शब्दावर ठरवता येईल.